चिचुंद्रीला उंदीर समजून मारणं आता तरी बंद करा

दर पावसाळ्यात तेच. रात्री कुणीतरी मोरीतून बाहेर पडून भिंतीच्या कडेकडेनं पळणारं काहीतरी राखाडी बघतं, दुसऱ्या दिवशी बाजारातून विषाचा केक नि गम पॅड येतो, दोन दिवसांत पॅडला एक चिचुंद्री चिकटून मरते आणि घरभर जाहीर होतं, "गेला एकदाचा उंदीर". माळ्यावरचा खरा उंदीर तोपर्यंत फणसाच्या आठळ्या फोडत खुशाल बसलेला असतो. मग आठवडाभरानं परत तक्रार, की विषाचा काही उपयोग होत नाही, हल्ली भेसळच फार.

उंदीर काय असतो ते कोकणात कौलारू घरात वाढलेल्याला मी सांगायला नको. घरातला छोटा उंदीर पंधरा-वीस ग्रॅमचा, वाशांवरून नि माडावर पळणारा काळा उंदीर त्याच्या कितीतरी पट मोठा, आणि खळ्याच्या कडेला बिळं करून मातीचे ढीग काढते ती घूस. घुशीचं जाऊ दे, ती सहसा घरातली गिऱ्हाईक नाहीच. हे सगळे कुरतडणारे. वरखाली पुढचे दोन-दोन दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून काही ना काही कुरतडत राहणं त्यांना भागच असतं.

चिचुंद्री या कुळातली नाहीच. तिचं नातं चिखलातले किडे उकरून खाणाऱ्या, लांब नाकाच्या कीटकभक्षी प्राण्यांशी. दिसण्यातला फरक कळायला दोन मिनिटं पुरतात. सोंडेसारखं पुढं आलेलं टोकदार नाक सारखं हलत असतं, डोळे मोहरीएवढे, शेपूट बुडाशी जाड नि तिच्यावर विरळ लांब केस. पिल्लं जरा मोठी झाली की आईच्या शेपटीच्या बुडाशी एक पिल्लू तोंडानं धरतं, त्याच्या मागं दुसरं, दुसऱ्याच्या मागं तिसरं, अशी आगगाडी भिंतीकडेनं निघते. मांगरात (शेताकडच्या खोपीत) एकदा ही गाडी बघितली की परत कुणी तिला उंदीर म्हणणार नाही. नाक-शेपटीवर मी फार वेळ घालवत नाही, कारण माणसं फसतात ती तिथं नाहीच.

फसतात ती इथं: नुकसान एकानं केलेलं असतं आणि दिसते दुसरी.

उंदीर हुशार, लाजरा, वरून चालणारा. माळा, वासे, फळीचा मागचा भाग हा त्याचा रस्ता, तो तुम्हाला महिना महिना दिसत नाही. चिचुंद्रीला धड दिसत नाही, चढायचं कामही फारसं जमत नाही, ती जमिनीवरून भिंतीला अंग घासत, चूं चूं आवाज करत येते, दिव्याखालून जाते, पायात येते. म्हणजे कुरतडलेली पिशवी सकाळी दिसते आणि रात्री दिसलेली असते चिचुंद्री, आपण दोन्हीची सांगड घातली की झाली शिक्षा. पण तिच्या तोंडात कुरतडायचे ते दात नाहीतच, बारीक अणकुचीदार दात आहेत, झुरळ फोडायला उत्तम आणि लाकडाला, वायरीला, नारळाला बिनकामाचे. भाताच्या पोत्याला भोक, सोलांच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण खाल्लेलं, वायरीचं तांबं उघडं पडलेलं, माडाखाली देठाजवळ भोक पडलेला कोवळा नारळ, यातलं काहीही दिसलं तर डोळे मिटून समजा, उंदीर आहे.

म्हणून घरात कोण आहे हे ठरवायचं ते रात्री काय दिसलं त्यावरून नाही, सकाळी काय सापडलं त्यावरून. छोट्या उंदराची लेंडी काळी, कोरडी, तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान, आणि तो चालता चालता ती सांडत जातो, फळीवर, डब्यांमागं, सगळीकडे. काळ्या उंदराची सेंटिमीटरभर. चिचुंद्रीची घाण मऊ, ओलसर, वासाची, बहुतेक कोपऱ्यातच, आणि काडीनं उकलून बघितली (बघा, काही होत नाही, नंतर हात साबणानं धुवा) तर आत झुरळांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतील. एवढा एक तपास केला तर निम्म्या चिचुंद्र्या वाचतील आणि तुमचे विषाचे पैसेही.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे तर पिंजऱ्यात उंदीर म्हणून चिचुंद्रीच सापडली, म्हणजे तीच होती ना? अहो काकू, पिंजऱ्यात लावलं काय होतं? सुका बोंबील! माशाच्या वासाला ती येणारच. ती काही निव्वळ किडेच खाते असं नाही, सुकट उघडी ठेवली तर तोंड घालेल, मोरीतलं खरकटंही खाईल. पिंजऱ्यात भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा लावा, मग माळ्यावरचा कोण तो येईल. गळाला काय लावलं त्यावर मासा ठरतो हे ज्यांना शिकवावं लागत नाही, ती माणसं पिंजऱ्याच्या बाबतीत हे कसं विसरतात मला कळत नाही.

विषाचंही तसंच. बाजारात मिळणारा केक बहुधा ब्रोमॅडिओलोनचा, धान्याच्या पिठात 0.005 टक्के विष घातलेला. धान्याचा केक चिचुंद्री कशाला खाईल? खातो उंदीर, त्याचं रक्त गोठणं बंद होतं आणि तो तीन-चार दिवसांपासून आठवड्याभरात आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. हे सोपं मरण नाही, आणि मरतो तो नेमका सिलिंगच्या वर नाहीतर कपाटाच्या मागं, आणि मग घरात जी घाण सुटते तिचा आळ परत कुणावर? चिचुंद्रीवर! तिचा वास वेगळा असतो, अंगाच्या दोन्ही कुशीतल्या ग्रंथींचा, उग्र कस्तुरीसारखा, ती गेली की हळूहळू कमी होतो. मेलेल्या उंदराचा दिवसेंदिवस वाढतो. त्यात तो अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबडानं किंवा शेजारच्या मांजरानं उचलला तर ते विष त्यांच्याही पोटात. काळ्या पावडरीचं झिंक फॉस्फाईड त्याहून वाईट, पोटात गेल्यावर विषारी गॅस तयार होतो आणि त्याला उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर निदान व्हिटॅमिन के आहे. लहान मुलं नि कुत्रा असलेल्या घरात ती पावडर कणकेत मळून ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

उंदराला मारूच नका असं मी म्हणत नाही. भाताच्या कणगीची नासाडी आणि लेप्टो (उंदराच्या मुतातून पसरणारा ताप), दोन्ही खरंय, सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत लोक लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या, म्हणजे डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतात ते उगाच नाही. मारायचाच तर चाप लावा, चांगल्या स्प्रिंगचा, भिंतीला काटकोनात, एका फटक्यात काम संपतं. पण उंचावर, फळीवर किंवा माळ्यावर लावा, जमिनीवर लावलात तर त्यात चिचुंद्रीच येणार. पिंजऱ्यातला उंदीर बादलीत बुडवणं हा निव्वळ क्रूरपणा, आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडं दुसऱ्याच्या वाडीत सोडून "आम्ही जीव मारत नाही" म्हणून मिरवणं हा शुद्ध लबाडपणा. अनोळखी जागेत तो बहुतेक जगत नाही, आणि जगला तर त्या घरच्यांच्या डोक्याला ताप.

आणि गम पॅड. यावर माझं मत ठाम आहे, तो घरात आणूच नये. त्याला चिकटलेला जीव तासन् तास तडफडतो, सुटायच्या नादात कातडी सोलून घेतो, नाक चिकटलं तर गुदमरतो, आणि आपण तो घडी घालून कचऱ्यात टाकून हात झटकतो. प्राण्यांना विनाकारण यातना देण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे 1960 पासून आहे. इंग्लंडमध्ये 31 जुलै 2024 पासून सामान्य माणसानं गम पॅड लावणं गुन्हा आहे. आपल्याकडे तो किराणा दुकानात अगरबत्तीच्या शेजारी मिळतो, आणि जमिनीवर ठेवला जात असल्यामुळं त्याच्यावर सगळ्यात जास्त चिकटतात त्या चिचुंद्र्या, पाली आणि एखादा बिचारा बेडूक.

चिचुंद्री काही देवमाणूस नाही, लेप्टोचे जंतू तिच्यातही सापडलेत, तेव्हा उघड्या हातानं धरू नका आणि मोरीत अनवाणी फिरू नका. पण झुरळं खाते, धान्याला हात लावत नाही, आणि मांजर मारतं तेही वासामुळं खात नाही, नुसतं उंबऱ्यात आणून टाकतं. तिला घालवायला मारायची गरजच काय? ती येते कारण मोरीच्या भोकाला जाळी नाही आणि मागच्या दाराखाली दोन बोटं फट आहे. जाळी बारीक घ्या, सहा मिलिमीटरच्या फटीतून छोटा उंदीरही आत शिरतो, म्हणजे एकाच खर्चात दोघांचा बंदोबस्त. माडाला दोन मीटर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा, फक्त झावळ्या शेजारच्या माडाला टेकत नाहीत ना ते बघा, नाहीतर उंदीर वरच्या वरून येतो.

आणि ती घरात आलेलीच असेल तर झाडू घेऊन मागं लागू नका. घाबरली की वास सोडते आणि मग तुम्हीच नाक धरून बसता. मागचं दार उघडा, आतला दिवा घालवा, ती ज्या भिंतीला आहे तिथं मागच्या बाजूला एक फळी आडवी धरा. ती सहसा भिंत सोडत नाही, भिंतीभिंतीनं सरळ दाराबाहेर जाते.