समुचित तंत्रज्ञान

एखाद्या समाजाजवळचे भांडवल, मनुष्यबळ, कच्चा माल आणि कौशल्य ध्यानात घेऊन, आणि त्या समाजातल्या सर्वांत गरजू माणसांच्या गरजा आधी भागतील अशा बेताने निवडलेले किंवा मुद्दाम घडवलेले तंत्रज्ञान. सुधारित चूल, गोबरगॅस, दाबलेल्या मातीच्या विटा ही त्याची परिचित उदाहरणे. लहान आकार किंवा कमी किंमत हे त्याचे लक्षण मानण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. तंत्र कोणाच्या गरजेतून निघाले, ते चालवायचे आणि दुरुस्त करायचे ज्ञान गावात राहते की नाही, आणि त्याने भोवतालची झाडे, पाणी, जमीन टिकते की खचते, या तीन कसोट्यांवर ते ठरते. या कसोट्यांना भारतात मोजमापाची बैठक दिली ती प्रामुख्याने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक अमूल्य कुमार नारायण रेड्डी (1930–2006) व त्यांच्या सहकाऱ्यांनी.

उगम : संकल्पनेचे जनकत्व बहुतेक इंग्रजी संदर्भग्रंथ ई. एफ. शूमाकर या जर्मन वंशाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाकडे देतात. 1965 मध्ये त्यांनी ‘मध्यम तंत्रज्ञाना’ची मांडणी जाहीरपणे केली, 1966 मध्ये लंडनला त्यासाठी एक गट स्थापन केला आणि 1973 च्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथाने ती जगभर पोहोचवली. प्रसाराचे श्रेय त्यांचेच आहे, यात शंका नाही. विचाराच्या उगमाबाबत मात्र भारतीय साधने वेगळी दिशा दाखवतात.

शूमाकर जानेवारी 1961 मध्ये पुण्याच्या एका आंतरराष्ट्रीय परिसंवादासाठी भारतात आले होते. त्यानंतर, 1964 मध्ये, हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेतील चर्चेसाठी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी सर्वांगीण विकास आराखड्याला योग्य अशा तंत्रांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी तीन वाटा सांगितल्या. परंपरागत धंद्यातील चालू तंत्र घ्यावे आणि अद्ययावत ज्ञानाने ते सुधारावे. अत्याधुनिक तंत्र घ्यावे आणि ते स्थानिक परिस्थितीला जुळवावे. किंवा थेट संशोधन करून नवेच तंत्र घडवावे. शूमाकर यांनी आपल्या ग्रंथात हा भाग गाडगिळांचे नाव घेऊन उद्धृत केला आहे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत वाटा असलेल्या गाडगिळांना मोठ्या यंत्राचे वावडे नव्हते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. यंत्र कोणत्या आराखड्यात बसते, हा त्यांचा प्रश्न होता. इतिहासकारांनी या निबंधाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

त्याहून मागे गेले की वर्ध्याला यावे लागते. डिसेंबर 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून चालवले. घाणी, हातकागद, मधमाशीपालन, रॉकेलऐवजी वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप असे प्रयोग तेथे झाले. डिसेंबर 1938 मध्ये मगन संग्रहालय उघडले. त्याआधी, 1929 मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. चरखा स्त्रीला न थकता आठ तास चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, तो भारतातच बनावा आणि सुमारे वीस वर्षे टिकावा, अशा त्याच्या अटी होत्या. आज अभियंते ज्याला रचनेचा तपशील म्हणतात तसाच हा दस्तऐवज आहे. म्हणून गांधीप्रणीत प्रवाह यंत्रविरोधी होता, हे मत स्वीकारण्याजोगे नाही. मात्र कुमारप्पांचे प्रयोग आणि पुढच्या विद्यापीठीय संशोधनाचा थेट दुवा जोडणे अवघड आहे. विचारांचे साम्य स्पष्ट दिसते, संस्थात्मक सातत्य तितके दिसत नाही.

रेड्डी आणि अस्त्र : रेड्डी मूळचे विद्युत्-रसायनशास्त्राचे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टरेट आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जे. ओ’म. बॉक्रिस यांच्याबरोबर काम, असा त्यांचा प्रवास आहे. दोघांचा विद्युत्-रसायनशास्त्रावरील ग्रंथ 1970 मध्ये आला आणि जगभर अभ्यासला गेला. 1966 पासून ते भारतीय विज्ञान संस्थेत होते. 1974 मध्ये त्यांच्या पुढाकाराने तेथे ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू झाले. विज्ञान व तंत्रज्ञान ग्रामीण भागात वापरणे, या अर्थाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. प्रयोगशाळेत नाव कमावलेल्या शास्त्रज्ञाने चुलीचा आणि शेणाचा अभ्यास हाती घ्यावा, याला त्या काळच्या विद्यापीठीय वातावरणात मोठे धैर्य लागत होते.

तंत्रज्ञान हे गुणसूत्रांसारखे असते, अशी रेड्डी यांची मांडणी होती : ज्या समाजात ते जन्मते त्या समाजाची घडण ते आपल्यात घेऊन येते आणि अनुकूल भूमी मिळताच तोच समाज पुन्हा उभा करते. त्यामुळे श्रीमंत देशांतील तंत्र जसेच्या तसे आणले की शहरांत थोड्यांसाठी सुबत्ता आणि खेड्यांत बहुतेकांसाठी बेकारी येते, असे त्यांचे निदान होते.

याचे त्यांनी दिलेले सर्वांत गाजलेले उदाहरण खतांचे आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यास केलेल्या या तुलनेत वर्षाला 2,30,000 टन नत्र मिळवण्याचे दोन मार्ग समोरासमोर ठेवले होते. एक, कोळशावर चालणारा एकच मोठा कारखाना. दुसरा, 26,150 गोबरगॅस संयंत्रे. भांडवल पहिल्याला सुमारे 120 कोटी रुपये, दुसऱ्याला 107 कोटी. पहिल्यातील निम्मी रक्कम परकीय चलनात. दुसऱ्यात परकीय चलन शून्य. रोजगार एकीकडे 1,000, दुसरीकडे 1,30,750. शिवाय कारखाना ऊर्जा खातो आणि संयंत्रे ती देतात. ही आकडेवारी अनेक देशांतील चर्चांमध्ये वापरली गेली. तिच्यावरचा मुख्य आक्षेप रास्त आहे. कारखाना हवेतील नत्र बांधून नवे खत तयार करतो, तर शेणातील नत्र आधीपासूनच शेणात असते. जेथे शेण पूर्वी गोवऱ्या थापून जाळले जात होते तेथे संयंत्रामुळे खत खरोखर वाढते. जेथे ते उकिरड्यात मुरून शेतात जातच होते तेथे वाढ फार कमी. रोजगाराचा आकडाही प्रत्येक संयंत्रामागे पाच माणसे धरून आलेला आहे. तरीही भांडवल आणि परकीय चलनाबाबतचा मूळ मुद्दा या आक्षेपाने ढळत नाही.

गोबरगॅसच्या इतिहासातही एक जुना वाद आहे. भारतातील पहिले संयंत्र मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात झाले, याबद्दल एकमत आहे. सन मात्र काही ठिकाणी 1859 तर काही ठिकाणी 1897 दिला जातो. हा आश्रमच 1890 च्या सुमाराचा असल्याने 1897 हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. शेणावर चालणारे, शेतकऱ्याला वापरता येईल असे संयंत्र पुढे जशभाई पटेल यांनी 1950 च्या दशकात विकसित केले. तरंगत्या टाकीचा तो नमुना 1960 च्या सुमारास खादी व ग्रामोद्योग आयोगाने स्वीकारला. अस्त्रने 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत याच नमुन्याची मापे तपासली आणि खोली कमी व रुंदी जास्त ठेवली तर संयंत्र बरेच स्वस्त पडते, असे दाखवले.

पुराचा प्रयोग : कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात, कुणिगल तालुक्यात उंगरा येथे अस्त्रचे विस्तार केंद्र होते. त्याच्या जवळचे पुरा हे सुमारे साडेतीनशे वस्तीचे गाव. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात या परिसरातील गावांत ऊर्जेची घरोघर मोजणी झाली. किती सरपण, कोणी आणले, किती अंतर चालून, किती पाणी वाहिले, बैलांनी किती तास काम केले, हे सारे त्यात आले. गावात लागणाऱ्या ऊर्जेचा चार पंचमांशाच्या आसपास वाटा सरपणाचा निघाला आणि विजेचा जेमतेम नावापुरता. त्यातले बहुतेक सरपण स्वयंपाकाला लागत होते. ऊर्जानियोजन म्हणजे वीजनिर्मिती असे समजणाऱ्या शासकीय विचाराला या मोजणीने दिलेला धक्का रेड्डी यांच्या कार्यात सर्वांत मोलाचा आहे, असे म्हणता येते. स्त्रिया आणि मुले यांचे श्रम तोवर कोणत्याच ऊर्जातक्त्यात नव्हते.

सामुदायिक गोबरगॅसचा पहिला बेत सर्व घरांना स्वयंपाकासाठी वायू देण्याचा होता. तो फसला, आणि त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण 35 ते 40 लिटर वायू मिळतो. माणशी रोज पाव घनमीटर धरला तरी गावाला नव्वद घनमीटरच्या आसपास वायू हवा, म्हणजे सव्वादोन टनांहून अधिक शेण. संयंत्राची क्षमता सव्वा टनाच्या आसपास होती. जनावरे लहान चणीची, दिवसभर चरायला बाहेर, त्यामुळे गोठ्यात पडणारे शेणही बेताचे. शिवाय सरपण पैसे न देता मिळत होते. लोकांना सर्वांत आधी हवे होते ते पिण्याचे पाणी.

1987 मध्ये आखणी बदलली. वायू चुलीऐवजी इंजिनाला दिला. थोडे डिझेल आणि बाकी गोबरगॅस यांवर चालणारे 5 किलोवॉटचे जनित्र बसवून त्यावर विंधन विहिरीचे पाणी उपसले आणि घरांत ट्यूबलाइट लावल्या. सकाळी घरोघरचे शेण संयंत्रावर येई, तोलून वहीत नोंदले जाई, वाळूच्या गाळणीवर निथळलेली स्लरी (वायू निघाल्यावर उरणारा शेणाचा राडा) त्याच प्रमाणात परत मिळे आणि पोहोचवणावळ म्हणून किलोमागे दोन पैसे दिले जात. संयंत्र गावातलीच तरुण मुले चालवीत आणि देखरेख ग्राम विकास सभेकडे होती.

या व्यवस्थेचा आधार घेऊन रेड्डी यांनी अमेरिकन परिस्थितिकीतज्ज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या 1968 च्या प्रसिद्ध सिद्धांताला उत्तर दिले. सामाईक साधन प्रत्येक जण स्वार्थापायी ओरबाडतो आणि ते नष्ट होते, असे हार्डिन म्हणतात. पुरात एखाद्याने शेण अडवले तर संध्याकाळी त्याच्याही घरात अंधार आणि नळ कोरडा. शेजारी जाब विचारणार ते वेगळेच. व्यक्तीचा लाभ समूहाच्या लाभात गुंतवून ठेवणारी रचना असेल तर सामाईक साधन टिकते, असा त्यांचा निष्कर्ष. तो पुराच्या पहिल्या काही वर्षांना लागू पडतो. पण 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात संयंत्र बंद पडले. वसुली, गावातील राजकारण आणि बाहेरून आलेल्या सोयी यांचा एकत्रित परिणाम, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. रेड्डी यांनी 2004 मध्ये या प्रयोगाचे धडे स्वतःच सविस्तर लिहिले. आपल्या कामाचा शेवट इतक्या मोकळेपणाने तपासणारे लेखन या क्षेत्रात विरळा.

चूल, माती, लाकूड : तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) 1980 च्या दशकात कर्नाटकात पसरली. के. एस. जगदीश यांनी दाबलेल्या मातीच्या विटांचे तंत्र व हातयंत्र विकसित केले. जवळच्या होसहळ्ळी गावात 1980 च्या दशकाच्या अखेरीस लाकडापासून वायू करून वीज देण्याचा प्रयोग झाला.

ऊर्जानियोजन : 1985 मध्ये होजे गोल्डेंबर्ग, थॉमस योहान्सन, रॉबर्ट विल्यम्स आणि रेड्डी या चौघांनी असे दाखवले की, कार्यक्षम साधने वापरल्यास दरडोई सुमारे एक किलोवॉट ऊर्जेत विकसनशील देशांना मूलभूत गरजांच्या पलीकडचे, 1970 च्या दशकातील पश्चिम युरोपच्या तोडीचे जीवनमान शक्य आहे. हाच धागा ‘डिफेंडस’ या नियोजनपद्धतीत आला. किती मेगावॉट हवेत यापासून सुरुवात न करता किती घरांत उजेड, किती शेतांना पाणी यापासून सुरुवात करायची. कर्नाटक शासनाच्या समितीने 2000 सालासाठी वर्तवलेल्या विजेच्या गरजेच्या निम्म्याहूनही कमी विजेत राज्याचे भागेल, असा पर्यायी आराखडा या पद्धतीने मांडला गेला. 1991 मध्ये निवृत्त झाल्यावर रेड्डी यांनी बंगळुरूत आंतरराष्ट्रीय ऊर्जा उपक्रम ही संस्था उभी केली. 2000 मध्ये त्यांना व्होल्व्हो पर्यावरण पुरस्कार मिळाला.

टीका : ग्रीक-फ्रेंच अर्थतज्ज्ञ आर्गिरी इमॅन्युएल यांनी 1982 मध्ये असा प्रश्न केला की, गरीब देशांसाठी वेगळे तंत्र म्हणजे त्यांना कायम मागे ठेवणारे तंत्र नव्हे काय. भारतीय डाव्या विचारवंतांचा आक्षेप जमीनमालकी व जात यांवर होता. गुरे ज्याच्याकडे, गोबरगॅस त्याच्याकडे, हे घरगुती संयंत्रांबाबत सर्रास खरे ठरले. रेड्डी यांनी सामुदायिक संयंत्राचा आग्रह धरला तो याच कारणाने, आणि पहिल्या आक्षेपाला त्यांचे मोजमाप हेच उत्तर होते : निवड आधुनिक की मागास अशी नसून कोणत्या तंत्रातून कोणाला किती मिळते, ही आहे.

महाराष्ट्र : वर्ध्याचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र 1970 च्या दशकातले. आयआयटी मुंबईतील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र 1985 चे. पुण्यात 1996 मध्ये आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने आरती (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था या अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) ही संस्था निघाली. उसाच्या पाचटापासून कोळसा आणि स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र या दोन कामांसाठी तिला अनुक्रमे 2002 आणि 2006 मध्ये ब्रिटनमधील अ‍ॅश्डेन हे शाश्वत ऊर्जेसाठीचे पुरस्कार मिळाले. खरकट्याच्या संयंत्रात शेणाचा वापर केवळ विरजणापुरता होतो, त्यामुळे गुरे नसलेल्या शहरी घरालाही ते चालते. अस्त्रचे नाव पुढे बदलून शाश्वत तंत्रज्ञान केंद्र झाले असून ते भारतीय विज्ञान संस्थेतच आहे.