लांबी सहाने, वजन दोनशे सोळाने

तयार किट न घेता, आराखड्यावरून प्रत्येक भाग घरच्या कार्यशाळेत घडवून मोठा रेडिओ-नियंत्रित रणगाडा उभा करायचा, तर सर्वप्रथम प्रमाण ठरवावे लागते. मोठ्या प्रतिकृतींसाठी १:६ हे प्रमाण अनेक जण पसंत करतात, कारण बारा इंची सैनिक-बाहुल्या त्याच प्रमाणातल्या असतात. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी एम४ शर्मन उदाहरणादाखल घेऊ. मूळ रणगाडा सुमारे ५.८४ मीटर लांब आणि २.६२ मीटर रुंद होता. सहाने भागल्यावर प्रतिकृती ९७ सेंटिमीटर लांब आणि ४४ सेंटिमीटर रुंद होते. इथपर्यंत भागाकार सरळ आहे. अडचण पुढे येते, कारण लांबी सहाने भागली की क्षेत्रफळ ३६ने आणि घनफळ २१६ने भागले जाते, आणि रणगाड्याचा प्रत्येक गुणधर्म यांपैकी आपापल्या भाजकाचे ऐकतो.

मूळ वजन सुमारे ३० टन धरले, तर २१६ने भागून १४० किलो येतात. घरी बांधलेले मॉडेल इतके जड करण्याची गरज नसते आणि ते दोघांना उचलताही येणार नाही. प्लायवुड किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर पातळ पत्रा किंवा प्लास्टिक शीट आणि तळाशी बॅटऱ्या असे बांधले, तर ६० किलोंच्या आसपास काम भागते. शर्मनच्या एका पट्ट्याची जमिनीला टेकणारी लांबी सुमारे ३.७३ मीटर आणि रुंदी ४२ सेंटिमीटर होती, म्हणजे जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ किलो. आपल्या ६० किलोंच्या मॉडेलमध्ये तो ०.०७ किलोच उरतो. त्यामुळे मूळ रणगाडा ज्या चिखलात रुतला असता त्यावरून मॉडेल सहज निघून जाते. उलट घोट्याएवढे गवत मात्र त्याच्यासाठी सहापट उंच झालेले असते.

वजन कमी झाल्याचा परिणाम स्प्रिंगांवर सर्वांत जास्त दिसतो, आणि मॉडेल खरे वाटते की खेळणे, हे माझ्या मते रंगकामापेक्षा इथेच ठरते. शर्मनला दोन्ही बाजूंना मिळून बारा चाके होती. ६० किलोंचा भार समान वाटला गेला, तर प्रत्येक चाकावर ५ किलो, म्हणजे सुमारे ४९ न्यूटन येतात. उभ्या स्थितीत स्प्रिंग १५ मिलिमीटर दबावी असे ठरवले, तर तिचा कडकपणा दर मिलिमीटरला ३.३ न्यूटन हवा. मग गाडी सेकंदाला साधारण चार हेलकावे घेईल. बाजारात सहज मिळणारी जाड स्प्रिंग बसवली, तर चाके हलतच नाहीत आणि दगडावरून जाताना सगळी गाडी फळीसारखी उचलली जाते. गुरुत्वाकर्षण लहान होत नसल्यामुळे मॉडेलचे हेलकावे मूळ गाडीपेक्षा सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे अडीच पटींनी, वेगवान होणे स्वाभाविकच आहे. चित्रीकरण करणारे त्याच पटीत गती मंद करतात आणि मग तीच गाडी पडद्यावर तीस टनांची भासते.

सर्वाधिक चिकाटी मात्र पट्ट्याला लागते. शर्मनच्या प्रत्येक पट्ट्यात ७९ कड्या होत्या आणि दोन कड्यांमधले अंतर सहा इंच होते. १:६ मध्ये ते बरोबर एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर होते. स्प्रॉकेटला, म्हणजे पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाला, १३ दात असल्याने त्याची एक फेरी गाडीला ३३० मिलिमीटर पुढे नेते. आता प्रत्येक सांध्यात भोक आणि पिन यांच्यामध्ये ०.१ मिलिमीटर जास्तीची फट राहिली असे समजा. एका सांध्यात ती डोळ्यालाही दिसत नाही, पण ७९ सांध्यांत पट्टा जवळजवळ ८ मिलिमीटरने लांबतो. मागच्या आयडलर, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या बिनदाती चाकाने हा ढिलेपणा खेचून घेता येतो. कडी आणि दात यांच्या अंतरात पडलेला फरक मात्र तसाच राहतो. कड्या दातांच्या टोकाकडे चढू लागतात, आधी कटकट आवाज येतो आणि मग वळणावर पट्टा उतरतो. म्हणून सगळ्या कड्यांची भोके एकाच जिगमध्ये, म्हणजे कडी ठरावीक जागी पकडणाऱ्या साच्यात, धरून पाडावीत आणि पिना कडक पोलादाच्या वापराव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, तरी त्यात सवलत घेऊ नये.

मोटर निवडताना गाडी सरळ किती ओढते याऐवजी ती वळताना काय मागते ते पाहावे. रणगाडा वळतो तेव्हा पट्टे जमिनीवर आडवे घासले जातात, आणि टेकलेली लांबी पट्ट्यांमधल्या अंतराच्या मानाने जितकी जास्त, तितका विरोध जास्त. शर्मनमध्ये हे गुणोत्तर सुमारे १.७७ आहे. सरळ चालताना रोध वजनाच्या ८ टक्के धरला, तर प्रत्येक पट्ट्याला सुमारे २.४ किलो ओढ पुरते. पण घर्षणांक ०.६ असलेल्या जमिनीवर जागच्या जागी फिरायला प्रत्येकी १६ किलो लागते, म्हणजे साडेसहा पटींहून अधिक. डीसी मोटरचा प्रवाह टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या, प्रमाणात वाढत असल्याने सरळ चालताना ३ अँपियर घेणारी मोटर वळताना २० अँपियर मागू शकते. स्पीड कंट्रोलर, तारा आणि फ्यूज या आकड्यावरून घ्यावेत. ताशी साडेसहा किलोमीटर वेगासाठी स्प्रॉकेट मिनिटाला सुमारे ३३० फेरे फिरले पाहिजे. मिनिटाला ३,३०० फेऱ्यांच्या मोटरला दहास एक असा गिअरबॉक्स लावला की ते जमते.

दोन स्वतंत्र मोटरी असल्या की रिमोटच्या मिक्सिंगने, म्हणजे वेग आणि वळण यांचे संकेत एकत्र करून दोन्ही मोटरींना वाटण्याच्या सोयीने, एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे फिरवून गाडी गरकन वळवता येते. मूळ शर्मनला हे कधीच शक्य नव्हते. त्याच्या नियंत्रित डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन पट्ट्यांच्या वेगात ठरावीक फरक पाडणाऱ्या गिअर-रचनेमुळे, दोन्ही पट्टे नेहमी पुढेच चालत, आतला फक्त हळू, आणि पूर्ण वळणाला सुमारे १९ मीटर व्यासाचे वर्तुळ लागे. मिक्सिंगमध्ये आतल्या पट्ट्याला उलट फिरण्यापासून रोखले, तर चाल मूळ गाडीसारखी दिसते, मोटरी थंड राहतात आणि इतक्या कष्टाने बसवलेल्या पिनांवरचा ताणही पुष्कळ कमी होतो.