सहाचे पाच झाले तर खेळ किती बदलतो?

सांगलीत विश्रामबागला बहिणीकडे गेलो, की संध्याकाळी गच्चीवर चार पोरं हमखास सापडतात. माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र. पाण्याच्या टाकीला टेकून, मोबाईल आडवे धरून बीजीएमआय हा चौघांच्या संघानं खेळायचा नेमबाजीचा गेम चाललेला असतो. परवा त्यांच्यातला एक नॉक झाला, म्हणजे गोळी लागून पडला, आणि तोवर "घुसा, घुसा" ओरडणारा भाचा दबक्या आवाजात म्हणाला, "मागं या रे, तिघंच उरलोय." चारातला एकच गेला होता. ताकद पाव हिश्श्यानं घटली, एवढंच ना? मग सगळा बेतच का फिरवला?

भाच्याचा अंदाज अगदी बरोबर होता. त्यामागचं गणित १९१६ साली फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश इंजिनिअरनं मांडलं. समजा, मोकळ्या मैदानात पाच विरुद्ध चार अशी चकमक आहे आणि सगळ्यांचा नेम सारखाच आहे. पाच बंदुका चौघांवर रोखलेल्या, म्हणजे समोरच्या प्रत्येकावर सरासरी सव्वा बंदूक. उलट बाजूच्या चार बंदुका पाच जणांत वाटल्या जातात, प्रत्येकाच्या वाट्याला ०.८. आता सव्वाला ०.८ ने भागा, उत्तर १.५६ येतं. माणसं सव्वापट, पण वरचढपणा दीडपटीहून जास्त, कारण इथं संख्येचा वर्ग मोजला जातो. शेवटी चौघंही पडतात तेव्हा पाचांपैकी तीन जण उभे असतात. पंचवीसातून सोळा गेले, उरले नऊ, त्याचं वर्गमूळ तीन. शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण इथं असा अचानक भेटतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

संघाचा आकार बदलला की हाच आकडा हलतो. टीम फोर्ट्रेस २ या नेमबाजीच्या गेममध्ये साधारण बारा-बारा जण असतात. तिथं एक पडला तर समोरचा संघ १.१९ पट वरचढ. सहा-सहाच्या खेळात १.४४, पाच-पाचात १.५६ आणि चार-चारात १.७८. म्हणून काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारख्या पाच-पाचांच्या खेळात, जिथं मेलेला गडी त्या फेरीत सहसा परत येत नाही, पहिला बळी एवढा महाग पडतो.

कोणता गडी कमी केला, यानंही मोठा फरक पडतो. ओव्हरवॉच हा नेमबाजीचा गेम २०१६ मध्ये आला तेव्हा सहा विरुद्ध सहा होता. पुढं प्रत्येक संघात दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट अशी वाटणी पक्की झाली. टँक म्हणजे पुढं उभा राहून मार अंगावर घेणारा, डॅमेज म्हणजे मारा करणारा आणि सपोर्ट म्हणजे साथीदारांना बरं करणारा. २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आला आणि त्यातला एक टँक काढला. पूर्वी एक टँक पुढं घुसायचा आणि दुसरा मागच्यांना सांभाळायचा. आता दोन्ही कामं एकाच्या गळ्यात आली, म्हणून त्याला जास्त ताकद द्यावी लागली. टँकच्या ढाली कमी झाल्यानं नेमबाजांना मोकळे निशाणे मिळू लागले आणि एकट्याच्या कौशल्याला वाव वाढला. पण एकुलता एक टँक पडला की बहुतेक वेळा ती चकमकच हातची जाते आणि सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटतं. टँक व्हायला आधीच कमी लोक तयार असायचे. पूर्वी बारांत चार टँक लागायचे, आता दहांत दोन पुरतात. त्यामुळं सामना जुळेपर्यंत वाट बघण्याचा वेळ घटवायला मदत झाली. तरी जुन्या खेळाडूंची मागणी थांबली नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये सहा-सहाचा प्रकार चाचणीसाठी परत आणावा लागला. मला ती मागणी रास्त वाटते. दोन टँकमधली समज हा त्या खेळाचा गाभा होता.

बोलण्याचंही गणित असतं. सहा जणांत पंधरा जोड्या होतात, पाचांत दहा, चौघांत फक्त सहा. गच्चीवरच्या पोरांना अर्ध्या शब्दात कळतं, त्याचं एक कारण हेही आहे.

आपल्याकडं हे सगळं कबड्डीनं केव्हाच ओळखलंय. शाळेत असताना मी कोपऱ्यात खेळायचो. सात गडी असताना साखळी धरून चढाईवाल्याला घेरता यायचं. तिघं उरलो की तेच मैदान अफाट मोठं वाटायचं. आजच्या नियमांत याची दखल आहे. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच चढाईवाल्याला बोनस रेषेचा गुण मिळतो आणि तिघं किंवा कमी उरलेल्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण जादा.

नेमबाजीच्या गेममध्ये असा नियम नसला तरी उपाय आहे, आणि तो जागेत आहे. लँचेस्टरचा वर्ग मोकळ्या रानात लागू पडतो. चिंचोळ्या वाटेत एका वेळी एकच समोरासमोर येतो, तिथं वर्ग गळून पडतो आणि नुसती संख्या उरते. मैदानात पाचांनी चौघांना हरवलं तर तीन उरतात, खिंडीत एकच. १६६० साली बाजीप्रभूंनी मूठभर मावळ्यांसह घोडखिंड अडवली, ती या जागेच्याच बळावर.

त्या संध्याकाळी पोरंही मागं सरकून एका दुमजली घरात शिरली. भाचा म्हणाला, "जिन्यावर थांबू. एकेक करूनच वर येतील." तिघंही वरच्या पायरीवर बसले आणि जिन्याच्या तोंडावर नेम धरून वाट बघू लागले.