पहिली कॅप हीच शेवटची: एका सामन्यातून खेळाडूचं किती कळतं?

१२ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनच्या अप्टन पार्क मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात मैत्रीपूर्ण सामना झाला. मध्यंतराला इंग्लंडचे प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सन यांनी अकराच्या अकरा खेळाडू बदलले. नव्याने उतरलेल्या अकरांत दोन तरुण स्ट्रायकर होते. दोघंही एव्हर्टन क्लबच्या तालमीत तयार झालेले, दोघांचाही इंग्लंडकडून पहिलाच सामना. फ्रान्सिस जेफर्सने गोल केला, १७ वर्षांच्या वेन रूनीला गोल करता आला नाही आणि इंग्लंड १-३ ने हरलं. रूनी इंग्लंडकडून एकूण १२० सामने खेळला, त्यात त्याने ५३ गोल केले. जेफर्स इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळला नाही.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १८८६ मध्ये राष्ट्रीय सामना खेळणाऱ्याला टोपी द्यायचं ठरवलं, तेव्हापासून ‘एक कॅप’ म्हणजे एक आंतरराष्ट्रीय सामना. ज्यांच्या नावापुढे आयुष्यभर एकच कॅप राहिली, त्यांच्याविषयी ‘संधी मिळाली, पण सोनं करता आलं नाही’ असं सर्रास बोललं जातं. जेफर्सचं उदाहरण या समजुतीत बसत नाही. आकडे घेऊन बसलं की ती समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते.

फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ असतो. दुर्मीळ घटना ठरावीक वेळात किती वेळा घडतील हे मोजायला संख्याशास्त्रात प्वासाँ वितरण वापरतात. त्यासाठी एकच आकडा लागतो, तो म्हणजे सरासरी. समजा, एक उत्तम स्ट्रायकर ९० मिनिटांमागे सरासरी ०.४० गोल करतो आणि एक साधारण स्ट्रायकर ०.२५. पूर्ण सामन्यात उत्तम स्ट्रायकरला एकही गोल न मिळण्याची शक्यता काढायची तर २.७१८ या संख्येचा उणे ०.४० हा घात घ्यायचा. उत्तर येतं ०.६७. म्हणजे उत्तम स्ट्रायकरसुद्धा तीनपैकी दोन सामन्यांत गोलविना परततो. साधारण स्ट्रायकरसाठी हाच आकडा ०.७८ आहे.

आता निवडकर्त्याच्या जागी बसून पाहू. समोरचा नवा खेळाडू उत्तम की साधारण हे माहीत नाही, म्हणून सुरुवातीला दोन्ही शक्यता ५०-५० टक्के धरल्या. तो पूर्ण ९० मिनिटं खेळला आणि गोल झाला नाही. आता तो उत्तम असण्याची शक्यता ०.६७ भागिले (०.६७ + ०.७८), म्हणजे ४६ टक्के. पन्नासवरून सेहेचाळीस! त्याने गोल केला असता तरी आकडा ६० टक्क्यांपर्यंतच चढला असता. आणि तो शेवटची २० मिनिटंच खेळला असेल, तर गोल न झाल्यावर शक्यता ५० वरून ४९ वर येते. एवढ्या माहितीवर एखाद्याला ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचा नाही’ असं ठरवणं म्हणजे भाताचं एक शीत चाचपून अख्ख्या लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक जोखणं.

हेच उलट बाजूनेही खरं आहे. डेव्हिड न्यूजेंटने मार्च २००७ मध्ये अँडोराविरुद्ध बार्सिलोनात आपल्या एकमेव सामन्यात गोल केला. जर्मेन डिफोचा फटका गोलात जातच होता, न्यूजेंटने रेषेजवळ त्याला शेवटचा पाय लावला. कागदावर त्याची सरासरी सामन्यामागे १ गोल, रूनीची ०.४४. पण एका सामन्यातल्या एका गोलावरून खऱ्या क्षमतेची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा (खरी सरासरी जिच्यात असेल असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं तो पट्टा) काढली, तर ती सामन्यामागे ०.०३ पासून ५.६ गोलांपर्यंत पसरते. तिच्यात कुठलाही खेळाडू बसेल. १२० सामन्यांत ५३ गोल असतील तर मर्यादा ०.३३ ते ०.५८ इतकी आवळते. वर घेतलेले ०.४० आणि ०.२५ वाले दोन स्ट्रायकर वेगळे ओळखायलाही ३० सामने पुरत नाहीत. पहिल्याचे सरासरी १२ गोल होतील, दुसऱ्याचे साडेसात, आणि दोघांच्याही आकड्यांत तीन-साडेतीन गोलांची चढउतार नेहमीचीच. १०० सामन्यांनंतर, ४० आणि २५ गोलांवर, फरक बऱ्यापैकी स्पष्ट होतो. प्रतिस्पर्धी बलाढ्य की दुबळा, मैदान कसं, सोबतीला कोण, हे सगळं या हिशेबात धरलेलंच नाही. ते धरलं तर अनिश्चितता आणखी वाढते.

मग एका कॅपनंतर दार बंद का होतं? बरंच काही त्या सामन्याच्या आधीच घडलेलं असतं.

खेळाडूला पहिल्यांदा बोलावतात ते बहुधा तो क्लबकडून धडाधड गोल करत असताना. इथे एक सापळा आहे. समजा लीगमध्ये ४० स्ट्रायकर आहेत आणि सगळ्यांची क्षमता अगदी सारखी, सामन्यामागे ०.३ गोल. दहा सामन्यांत प्रत्येकाचे सरासरी ३ गोल व्हायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने सहा किंवा त्याहून जास्त गोल होण्याची शक्यता ८.४ टक्के निघते. म्हणजे चाळिसांतले तीनेक जण काहीही वेगळं न करता दुप्पट गोल करून बसतील. वर्तमानपत्रं त्यांना उचलून धरतील, प्रशिक्षक त्यांना बोलावतील आणि पुढच्या दहा सामन्यांत त्यांचे पुन्हा सरासरी तीनच गोल होतील. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. बघणाऱ्याला मात्र वाटतं, इंग्लंडच्या जर्सीचं दडपण आलं. बोल्टनचा मायकेल रिकेट्स फेब्रुवारी २००२ मध्ये अशाच बहराच्या काळात नेदरलँड्सविरुद्ध ४५ मिनिटं खेळला. मध्यंतराला त्याला बदललं आणि तीच त्याची एकमेव कॅप ठरली. दडपण येत नाही असं नाही, पण दडपण सिद्ध करायचं असेल तर आधी हा साधा योगायोग हिशेबातून वजा करावा लागतो.

दुसरं कारण रांगेचं. संघात जागा अकरा, आणि काही जागांवर एकच माणूस वर्षानुवर्षं बसलेला असतो. टॉटनहॅमचे बिल निकल्सन १९ मे १९५१ रोजी पोर्तुगालविरुद्ध गूडिसन पार्कवर बिली राइट यांच्या जागी उतरले. १९ सेकंदांत, चेंडूला पहिलाच पाय लावून त्यांनी गोल केला. इंग्लंड ५-२ ने जिंकलं. पुढच्या सामन्यात राइट परत आले. हे राइट दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आपल्या कारकिर्दीत इंग्लंडच्या १०८ पैकी १०५ सामने खेळले. उरलेल्या तीन सामन्यांतला एक निकल्सन यांच्या वाट्याला आला. त्यांच्या कॅपचा आकडा खरं तर राइट यांच्या तब्येतीचा आकडा आहे.

गोलरक्षकांच्या बाबतीत ही रांग सर्वांत क्रूर. मधल्या फळीतल्या खेळाडूला डावी-उजवी बाजू बदलून घुसवता येतं, गोलरक्षकाची जागा एकच आणि ती सहसा सामन्याच्या मध्ये बदलत नाहीत. १९७० ते १९९० या काळात इंग्लंडकडे पीटर शिल्टन होते, १२५ कॅपवाले. त्यातली पहिली बरीच वर्षं सोबत रे क्लेमन्स, ६१ कॅपवाले. त्या काळात फिल पार्क्स यांना १९७४ मध्ये पोर्तुगालविरुद्ध एक सामना मिळाला, त्यात त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही, तरीही तो शेवटचाच. जिमी रिमर यांना १९७६ मध्ये न्यूयॉर्कला इटलीविरुद्ध अर्धाच सामना मिळाला. १९८२ च्या युरोपियन कप या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेच रिमर ॲस्टन व्हिलाकडून उतरले आणि दुखापतीमुळे नवव्या मिनिटाला बाहेर गेले. त्यांच्या जागी आलेल्या नायजेल स्पिंक यांनी बायर्न म्युनिकला गोल करू दिला नाही आणि व्हिलाने कप जिंकला. पुढच्या वर्षी स्पिंक यांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात इंग्लंडची कॅप मिळाली. तीही एकच.

निवडीची पद्धतही आकडे घडवते. १९ व्या शतकात इंग्लंडचा संघ समिती निवडायची, तीही प्रत्येक सामन्यासाठी नव्याने. कधी तर एकाच दिवशी दोन संघ उतरवले जात. १५ मार्च १८९० रोजी इंग्लंडचा एक संघ रेक्सहॅमला वेल्सशी आणि दुसरा बेलफास्टला आयर्लंडशी खेळला. एका दिवसात २२ जागा भरायच्या म्हटल्यावर एकदाच खेळलेल्यांची संख्या फुगणारच. अल्बर्ट ॲलन (१८८८), जॅक येट्स (१८८९) आणि वॉल्टर गिलिअट (१८९३) या तिघांनी आयर्लंडविरुद्ध आपल्या एकुलत्या एक सामन्यात हॅटट्रिक केली. तीन गोल करूनही पुढची निवड त्यांना मिळाली नाही, यावरून ती समिती किती लहरीने चालायची याची कल्पना येते. समितीचा हा अधिकार संपला तो १९६३ मध्ये आल्फ रॅम्झी यांच्या हाती संघ आला तेव्हा.

त्यानंतर दुसऱ्या वाटेने संख्या वाढली, ती म्हणजे बदली खेळाडू. मैत्रीपूर्ण सामन्यांत बदलांवर पक्की मर्यादा नव्हती, त्यामुळे अप्टन पार्कसारखे प्रकार होत. २००४ मध्ये नियम आला, मैत्रीपूर्ण सामन्यात जास्तीत जास्त सहा बदल. तो मोडला तर सामन्याचा आंतरराष्ट्रीय दर्जाच जातो. मे २०१४ मध्ये बेल्जियमने लक्झेंबर्गला ५-१ ने हरवलं, रोमेलू लुकाकूने तीन गोल केले. पण बेल्जियमने सात बदल केले होते. फिफाने सामना मोजायला नकार दिला आणि ती हॅटट्रिक नोंदीतून गेली. म्हणून जुन्या-नव्या याद्या ताडून बघताना एखाद्याची कॅप एका यादीत दिसते आणि दुसरीत दिसत नाही, तेव्हा आधी बदलांची संख्या मोजावी. सहा बदलांतही तुकडे किती लहान होऊ शकतात हे मार्टिन केलीच्या कॅपवरून दिसतं. मे २०१२ मध्ये ऑस्लोत नॉर्वेविरुद्ध तो ८८ व्या मिनिटाला उतरला.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम एका सोप्या गणिताने दिसतो. प्रत्येक सामन्यानंतर ‘पुन्हा बोलावणं येईल’ याची शक्यता ७० टक्के धरली, तर १०० पैकी ३० जण एकाच कॅपवर थांबतील आणि सर्वांची सरासरी जेमतेम ३.३ सामने होईल. शक्यता ९५ टक्के धरली तर फक्त ५ जण एकावर थांबतील, सरासरी २० होईल. प्रत्यक्षात ही शक्यता स्थिर नसते. प्रत्येक कॅपबरोबर ती वाढत जाते, कारण प्रशिक्षक ओळखीच्या खेळाडूला एखादा वाईट सामना माफ करतो आणि नवख्याला करत नाही. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या कॅपमधलं अंतर सर्वांत कठीण. केविन डेव्हिसला ऑक्टोबर २०१० मध्ये ३३ व्या वर्षी मॉन्टेनेग्रोविरुद्ध पहिली कॅप मिळाली तेव्हा हे अंतर ओलांडायला वयच उरलं नव्हतं. रायन मेसनकडे वय होतं. मार्च २०१५ मध्ये इटलीविरुद्ध खेळला तेव्हा तो २३ वर्षांचा होता. जानेवारी २०१७ मध्ये क्लबच्या सामन्यात डोक्याला डोकं आपटून त्याची कवटी फुटली. हाड जुळलं, तरी हेडर आणि धक्क्यांचा धोका पत्करू नये असा डॉक्टरांचा सल्ला होता, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये २६ व्या वर्षी त्याने खेळ सोडला.

एका कॅपचे परिणाम मैदानाबाहेर मात्र फार मोठे असू शकतात. मोरोक्कन वंशाचा मुनीर एल हद्दादी ८ सप्टेंबर २०१४ रोजी स्पेनकडून मॅसेडोनियाविरुद्ध युरो पात्रता सामन्यात शेवटची १३ मिनिटं खेळला. वय १९. अधिकृत स्पर्धेत मुख्य संघाकडून उतरल्यामुळे तो स्पेनला कायमचा बांधला गेला. स्पेनने त्याला पुन्हा खेळवलं नाही, आणि मोरोक्कोकडून २०१८ चा विश्वचषक खेळण्याची त्याची मागणी क्रीडा लवाद न्यायालयाने फेटाळली. १३ मिनिटांसाठी अख्खी आंतरराष्ट्रीय कारकीर्द अडकून पडणं उघड अन्यायाचं होतं. १८ सप्टेंबर २०२० रोजी फिफाने नियम सैल केला. पहिल्या देशाकडून मुख्य संघाचे तीनपेक्षा जास्त सामने नसावेत, शेवटचा अधिकृत सामना एकविसावं वर्ष पुरं होण्याआधीचा असावा, त्यानंतर तीन वर्षं उलटलेली असावीत, विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळलेला नसावा, आणि पहिल्या देशाकडून पहिला अधिकृत सामना खेळताना दुसऱ्या देशाचं नागरिकत्वही हाती असावं. मार्च २०२१ मध्ये मुनीर मोरोक्कोकडून मैदानात उतरला.

मैत्रीपूर्ण सामना मात्र असा बांधत नाही, आणि याचा संबंध थेट मुंबईपर्यंत येतो. रायन विल्यम्सचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळचा. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आणि आजोबा १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफी या राज्यांमधल्या फुटबॉल स्पर्धेत बॉम्बेकडून खेळलेले. जून २०१९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून दक्षिण कोरियाविरुद्ध बुसानला खेळला. तेव्हा त्याचं वय २५ होतं, म्हणजे सामना अधिकृत स्पर्धेतला असता तर २०२० च्या सैल नियमातही तो बसला नसता. पण सामना मैत्रीपूर्ण होता. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि राष्ट्रीय संघात भारतीय पासपोर्टधारकच खेळू शकतो. त्यामुळे विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं, २०२५ मध्ये भारतीय पासपोर्ट घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला भारतीय संघाच्या शिबिरात बोलावणं आलं. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे १ हा आकडा आता कायमचा राहील.