डावीकडे ठोका, उजवीकडे त्याची सावली

डॉना समरचं 1977 सालचं 'आय फील लव्ह' हेडफोन लावून ऐका. मग एका कानातला काढा. बेसची, म्हणजे खालच्या सुरांची, ती धावती ओळ एकदम लंगडी होते.

संगीतकार जॉर्जो मोरोडर इटलीतल्या दक्षिण टिरोलचा, गायिका अमेरिकन, स्टुडिओ म्युनिकमधला. मग गाणं नेमकं कुठल्या देशाचं, यावर खुशाल वाद घाला. मला त्यातल्या विजेच्या करामतीत जास्त रस आहे.

तोवरची डिस्को व्हायोलिनच्या ताफ्यावर चालायची. मोरोडर आणि त्याचा साथीदार पीट बेलॉट यांनी तो ताफा घरी पाठवला आणि मोग सिंथेसायझर हे विजेवर सूर काढणारं भलंमोठं यंत्र वापरलं. त्यात एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे व्होल्टच्या शंभराव्या भागाची जरी चूक झाली, तरी लगतच्या दोन सुरांतल्या अंतराच्या आठव्या हिश्शाइतका सूर सरकणार. यंत्र तापलं की नेमकं हेच व्हायचं. मग वीस-तीस सेकंद ध्वनिमुद्रण, थांबा, सूर लावा, पुन्हा सुरू. तबलजीच्या हातोडीसारखंच, फक्त इथे हातात बटण!

वेगवेगळ्या नोंदवलेल्या आवाजांचे थर एकमेकांवर अचूक बसावेत म्हणून तंत्रज्ञ रॉबी वेडेलने टेपवर विद्युत-ठोके नोंदवून त्यांच्या तालावर यंत्र चालवलं. झांजेसारखा आवाजही यंत्राचाच, गाळून घेतलेल्या खरखरीतून काढलेला. मोठ्या ढोलाचा दणका मात्र यंत्राला जमेना. तो ड्रमवादक कीथ फोर्सीने स्वतः वाजवला.

आता ती लंगडी ओळ. मूळ बेस डावीकडे, त्याचाच किंचित उशिराचा प्रतिध्वनी उजवीकडे. मिनिटाला सव्वाशे ठोके धरले तर दोन ठोक्यांत 0.48 सेकंद, त्याचा चौथा भाग 0.12. एवढ्या उशिराने आलेला प्रतिध्वनी दोन स्वरांमधल्या रिकाम्या जागेत चपखल बसतो. दरीत हाक मारल्यावर येतो तोच प्रतिध्वनी; इथे त्याला वेळेवर यायची शिस्त लावली. कान दोन्ही मिळून एकच दुप्पट वेगाची ओळ ऐकतात.

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने हे गाणं गायक डेव्हिड बोवीला ऐकवलं आणि हाच भविष्याचा आवाज, असं सांगितलं. पुढे न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडच्या 'ब्लू मंडे' गाण्यापासून हाऊस आणि टेक्नो या नृत्यसंगीताच्या प्रकारांपर्यंत ही यंत्राची धाव ऐकू येते. आता लॅपटॉपवर प्रतिध्वनी एका क्लिकमध्ये तालाला बांधता येतो. आणि मोरोडरला वैताग आणणारी ती सूर सरकण्याची खोड? ती सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घालतात.