लिनक्स फुकट, मग पैसे कशाचे?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले. सोलापुरात त्याची झळ कुठे लागली हे बघायचं तर नवी पेठेतल्या एखाद्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात अर्धा तास बसावं. आठ-दहा वर्षांचं मशीन, चालतंय व्यवस्थित, पण विंडोज ११ त्याच्याकडे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं. दुकानदार म्हणतो, "अण्णा, लिनक्स टाकून देऊ का?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. गिऱ्हाइकाला लगेच शंका येते, "फुकटातलं व्हय? मग पैसेवालं लिनक्सच घ्यावं का चांगलं?"

शंका वेडगळ नाही. तिच्यामागे तीस वर्षांपेक्षा जास्त इतिहास आहे.

फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लोकांसमोर ठेवलं, तेव्हा त्याची पहिली अट अशी होती की हे वाटा, पण त्यावर पैसे घेऊ नका. १९९२च्या सुरुवातीला त्याने ती अट काढली आणि जीपीएल हा परवाना लावला. मुक्त सॉफ्टवेअरसाठी झटणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पातून आलेला हा परवाना विक्रीला अडवत नाही. प्रोग्रॅम ज्याला दिला त्याला मूळ कोडही मिळालं पाहिजे, हा त्याचा मुख्य आग्रह. म्हणजे लिनक्स विकायची मुभा अगदी लवकर मिळाली. गोंधळाची सुरुवात इथली.

पण नुसतं कर्नल घरी नेऊन कुणाचं काम होत नाही. त्यावर फाइल सांभाळणारे, खिडक्या दाखवणारे, प्रिंटर चालवणारे प्रोग्रॅम जोडावे लागतात. ही जोडणी करून दिलेला संच म्हणजे डिस्ट्रिब्युशन, बोलीभाषेत डिस्ट्रो. सोलापूरकराला हे वेगळं समजावायला नको: सूत एकाच गिरणीतलं असलं तरी चादर कुणाच्या मागावरची हे बघूनच आपण घेतो. १९९३मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन आले, पुढच्या वर्षी रेड हॅट आणि सुसे. हे सगळं सीडीवर विकलं जायचं, कारण ६५० एमबीची सीडी टेलिफोनच्या मॉडेमवरून उतरवायला सलग दिवसभराहून जास्त वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ लाइन टिकली तर नशीब. भारतात पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६पासून अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. तेव्हा पैसे मोजले ते सीडीचे, पुस्तिकेचे आणि फोनवर मदत करणाऱ्या माणसाचे.

नवशिक्याचा विचार त्यात फारसा नव्हता. तो १९९८मध्ये मँड्रेक या डिस्ट्रोने केला, रेड हॅटवर केडीई नावाचा डेस्कटॉप चढवून. २००१मध्ये लिंडोज ही विकत मिळणारी डिस्ट्रो आली. नावावरून मायक्रोसॉफ्टने कोर्टात खेचलं, २००४मध्ये नाव लिनस्पायर झालं, आणि गंमत म्हणजे त्या तडजोडीत मायक्रोसॉफ्टनेच दोन कोटी डॉलर मोजले.

पैसे देण्याचं खरं जोरदार कारण मात्र गाण्यांत होतं. एमपी३वर पेटंट होती. त्या भीतीने रेड हॅटने २००२च्या ८.० आवृत्तीतून एमपी३ वाजवायची सोय काढून टाकली. नवा माणूस हौसेने लिनक्स टाकायचा, गाणं लावायचा, आणि काहीच वाजायचं नाही. त्याच्या लेखी कॉम्प्युटरच बिघडला! टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, चार ओळी लिहून हे सुटायचं, पण ज्याला टर्मिनल माहीत आहे तो नवशिका कसला? विकत मिळणाऱ्या लिनस्पायरसारख्या डिस्ट्रो रीतसर परवाना घेऊन कोडेक, म्हणजे गाणी वाजवायला लागणारे प्रोग्रॅम, आतच द्यायच्या. "पैसेवालं म्हणजे चालणारं" ही समजूत तिथून रुजली असावी, असं मला वाटतं.

ती समजूत हळूहळू सैल पडली. २००४मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू ही डिस्ट्रो आणली आणि २०११पर्यंत मागेल त्याला सीडी पोस्टाने घरपोच पाठवली, टपालखर्चही न घेता. २००६मध्ये मिंट आलं, उबुंटूच्याच पायावर, पण कोडेक आत घालून. ते आजही देणग्यांवर चालतं. २०१७मध्ये एमपी३ची पेटंट संपली, वादही संपला. आपल्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेनेही २००७मध्ये भारतीय भाषांसह बॉस लिनक्स काढलं. घरगुती वापरात ते फारसं दिसत नाही.

आज पैसे घेणाऱ्यांत नाव घ्यावं असं आयर्लंडचं झोरिन. त्याच्या प्रो आवृत्तीत जास्त डेस्कटॉप मांडण्या, आधीच भरलेले जास्त प्रोग्रॅम आणि इन्स्टॉल करताना मदत मिळते. गाभा मात्र फुकटच्या झोरिनचाच. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा मिंटची सिनॅमन डेस्कटॉपवाली आवृत्ती, मशीन अगदीच थकलेलं असेल तर हलकी एक्सएफसीईवाली. आणि प्रोचे पैसे वाचवून दुकानदाराला द्या. उद्या वायफाय अडलं तर धावून तोच येणार.

सोलापुरात गाडी अडते ती डिस्ट्रोवर नाही, हिशेबाच्या टॅलीवर. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचं मराठी टायपिंगचं श्रीलिपीही तसंच, आणि त्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत नसल्याने दुसरीकडे उघडला की अक्षरांचा चिवडा होतो. ज्याचा धंदा यांवर आहे त्याने घाई करू नये. नुसतं इंटरनेट, पत्रं आणि मुलांचा अभ्यास असेल तर अडचण नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाइप होतं आणि शिकायला मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत.

हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स चालवून बघायची सोय २०००मध्ये क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या डिस्ट्रोने लोकप्रिय केली, तेव्हा सीडीवर. आता दुकानदार पेनड्राइव्ह लावतो. आपला प्रिंटर सोबत घेऊन जावं आणि तिथेच एक पान काढून बघावं.