ग्रंथालयाचे संकेतस्थळ वाचकाला अवघड का जाते : पार्श्वभूमी

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, त्यानंतर अनेक दशके पुस्तक शोधायचे म्हणजे तालिकेच्या, म्हणजे पुस्तकसूचीच्या, खणांतील कार्डे चाळायची, हीच रीत होती. कार्डावर लेखक, शीर्षक आणि वर्गांक (पुस्तकाचा विषयानुसार क्रमांक) ठरावीक क्रमाने असत, आणि अडलेच तर काउंटरवर विचारता येई. संगणक आल्यावर कार्डावरचा क्रम तेवढा पडद्यावर गेला, काउंटरवरचा माणूस मात्र मागे राहिला. आजच्या संकेतस्थळांची बरीचशी दुखणी तिथली आहेत.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, १९९१ मध्ये विद्यापीठ ग्रंथालये संगणकाने जोडणारा 'इन्फ्लिबनेट' कार्यक्रम सुरू केला. त्याची ग्रंथालय चालवण्याची 'सोल' ही संगणक प्रणाली आणि न्यूझीलंडमध्ये घडलेली, २००० साली वापरात आलेली मुक्तस्रोत 'कोहा' अनेक ग्रंथालयांनी स्वीकारली. दाखलनोंद, तालिकीकरण, देवघेव ही कर्मचाऱ्यांची कामे या प्रणालींचा गाभा होती. वाचकासाठीचे 'वेब ओपॅक', म्हणजे ऑनलाइन तालिका, ही त्यांची केवळ एक बाजू. त्यात लिपीचा गुंता. मराठी पुस्तकाची नोंद रोमन अक्षरांत असेल, तर ज्ञानेश्वरांवरचा ग्रंथ 'डी'खाली शोधावा की 'जे'खाली, हे तालिकाकाराच्या सवयीवर ठरते. आणि युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक संकेतपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली देवनागरी नोंद डोळ्यांना दिसली तरी शोधपेटीला सापडत नाही.

पुढे ई-नियतकालिके आली, आणि ती एकत्रित वर्गणीतून मिळवून देणाऱ्या योजनाही. २००४ मध्ये यूजीसी-इन्फोनेट, मग महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट, २०१५ मध्ये ई-शोधसिंधू, आणि १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. अशा योजना येत गेल्या, की त्यांच्या नावाचे दुवे मुखपृष्ठावर लावण्याची पद्धत पडली. विद्यार्थ्याला हवा असतो एखादा लेख. तो कोणत्या योजनेत आहे, हे त्याने का ओळखावे? २००४ मध्येच गूगल स्कॉलर या शोधसेवेने एकाच पेटीत सगळ्या अभ्यासलेखांचा शोध देऊन ही अपेक्षा पक्की केली होती. खरे तर 'वाचकाचा वेळ वाचवा' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पाच नियमांतला चौथा नियम १९३१ पासून ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी पाठ करत आले आहेत.

अडचण नेमकी कुठे आहे, हे शोधण्याची रीत संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी रूढ केली : चार-पाच वापरकर्त्यांना प्रत्यक्ष काम द्यावे आणि मध्ये न बोलता पाहावे. नागपुरात हे करताना त्यांतला एक जण तरी गोंदिया किंवा भंडाऱ्याच्या संलग्न महाविद्यालयातला, मोबाइल वापरणारा असावा. कारण ग्रंथालयाच्या वाय-फायवर सहज उघडणारा लेख घरून लॉगिन मागतो, आणि त्या लॉगिनचा दुवा कुठे ठेवला आहे, हे वाचनकक्षात बसून चाचणी घेणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.